गोजरबाईची गाठ

सेनगावजवळच्या साखरा गावचा उत्तमराव अकरा वर्षं हैदराबादेत, जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत होता. मेलेल्या बैलाचं काळीज मेणात बसवायचं, पापुद्र्यासारखे काप घ्यायचे, रंगवून काचेवर चढवायचे. दिसलं ते साहेबाला सांगितलं की काम संपलं.

१९४४ साली प्रयोगशाळा बंद पडली. हिंगोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्याला रक्त-थुंकी तपासायचं काम मिळालं. डॉक्टर त्याला चारचौघांत 'ढोरांचा उत्तमराव' म्हणायचे.

पोळ्यानंतर सेनगावहून गोजरबाई आली. पस्तिशीची, छातीत गाठ. डॉक्टरांनी गाठ काढली, "साधी आहे, टाकून द्या," म्हणाले. उत्तमरावाने ती टाकली नाही. जुन्या सवयीने फॉर्मलिनमध्ये ठेवली, काप घेतले. पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, काच सरकवून पुन्हा पाहिलं. बैलांच्या शिंगाच्या कर्करोगात पेशींचा असाच बेबंद पसारा त्याने कितीदा पाहिला होता.

"साहेब, हिला हैदराबादेला पाठवा. कर्करोग आहे."

डॉक्टरांनी काचेला हातही लावला नाही. "गाय आणि बाई यांतला फरक कळतो का तुला? ढोरांचं ज्ञान इथं पाजळू नकोस."

उत्तमरावाने काच पेटीत ठेवून दिली. साहेबाला सांगून झालं होतं. दुपारी गोजरबाई टाके काढून निघाली. व्हरांड्यात तिने त्याला हात जोडले, त्यानेही जोडले.

माघात नवरा दगडोबा तिला बैलगाडीत निजवून घेऊन आला. जखम उघडी पडली होती, काखेत गाठींचा घोस होता. आता डॉक्टरांनी ती काच मागवली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "उशीर झाला."

दगडोबाने बाहेर उत्तमरावाला गाठलं. "इथला कंपाउंडर सांगून राहिला की तुमाला तवाच ठाऊक होतं. खरं हाय का?"

"व्हय."

"मंग आमाला काहून न्हाई सांगितलं?"

"डॉक्टरांना सांगितलं होतं."

"गाठ डॉक्टरच्या अंगात होती काय?" दगडोबाचा आवाज चढला नाही. "मी बैलं विकून नेली असती तिला."

गाडीत पडल्या पडल्या गोजरबाई सगळं ऐकत होती. तिने तोंड पलीकडे वळवलं.

ती होळीच्या आधी गेली. त्याच महिन्यात डॉक्टरांनी वर विश्वस्तांना कळवलं, की आपल्या दवाखान्यात आता गाठींचीही तपासणी होते. उत्तमरावाची नोकरी कायम झाली. त्यानंतर गाठ कोणाचीही असो, काच पाहून झाली की तो आधी बाहेरच्या बाकावर बसलेल्या रोग्याकडे जायचा आणि मग डॉक्टरांकडे. त्यापायी दोनदा त्याने शिव्या खाल्ल्या. सुट्टीत गावी गेला तरी सेनगावच्या बाजाराला मात्र तो पुन्हा कधी गेला नाही.