भागीरथाचं पाणी उकळलं

"उकळलं! भागीरथाचंच पानी उकळलं!"

तळ्याकाठच्या पारापाशी अख्खं गाव लोटलं होतं. बायांची रांग, प्रत्येकीपुढं एक गाडगं, गाडग्यात आपापल्या घरच्या माठातलं पाणी. चेटकीण शोधायला गावानं बोलावलेल्या धुनीबाबानं एकेकीच्या गाडग्यात मंतरलेली पुरचुंडी सोडली आणि तळ्यातले मासे विकणाऱ्या विधवा भागीरथाच्या गाडग्यातून भसाभस वाफ निघाली. ना चूल, ना विस्तव!

"पानी झूठ नही बोलता, भाऊ!" बाबा डोळे फिरवत ओरडला. "घरची करनी घरच्या पान्यात उतरते. गावचे लेकरं इनंच खाल्ले!" आणि बाकीची गाडगी त्यानं झटकन पालथी केली.

हगवणीनं गावातली पोरं दगावली होती. देवाजी पाटलांचा नातूही गेला होता. निकाल लगेच लागला: दिवस मावळायच्या आत भागीरथानं गाव सोडायचं. जायचं कुठं, तर जंगलात. लोकांच्या हातांत दगड आले.

केवळराम मास्तरांचं डोकं सणकलं. एकोणीसशे सत्तावन्न साल उजाडलं तरी आपण शिकवलेल्या पोरांचे बाप एका बाईवर दगड उगारून उभे! वाफेचं त्यांना नवल वाटलं नव्हतं. बाकीची गाडगी पालथी घालायची बाबाला एवढी घाई काऊन, हे मात्र खटकलं होतं.

"पुन्हा करा," ते गर्दीत घुसून म्हणाले.

"शंभर बार करून दाखवतो!" बाबा छाती काढून बोलला. नवं पाणी आलं. बाबानं पुरचुंड्या वाटल्या. तेवढ्यात मास्तरांनी भागीरथाची पुरचुंडी उचलून पाटलीण नीलाबाईच्या हातात दिली आणि तिची भागीरथाला.

"हात नोको लावू! देव कोपन!" बाबा खेकसला.

"पानी चेटकीण ओळखते ना? मंग पुरचुंडी कोनाची का असेना!"

लोकांना ते पटलं. बाबाला नाही म्हणता येईना. पुरचुंड्या पाण्यात पडल्या आणि या वेळी नीलाबाईचं गाडगं खदखदलं.

"मी नाई वो! मी काई नाई केलं!" नीलाबाईनं हंबरडा फोडला.

एकानंही तिच्यावर दगड उगारला नाही. "काहीतरी चुकलं असन," देवाजी पाटील घाईनं म्हणाले. "आमची पाटलीण तशी नाई."

मास्तर पाटलांकडं वळले. "आता चूक आठवली? भागीरथाच्या वेळी कोनालेच काऊन नाई आठवली?"

बाकीच्या गाडग्यांना कोणाला हात लावू न देता ते उभे राहिले. थोड्या वेळानं तीही एकेक करून तापली, धुसफुसली. मग त्यांनी बाबाच्या झोळीतून उरलेल्या पुरचुंड्या काढून उघडल्या. एकीत चुनकळीची बारीक भुकटी, बाकीच्यांत नुसते खडे. दिवाळीला भिंती पांढऱ्या करायला जो चुना सगळे घरी विझवतात, तोच! साऱ्यांची नजर पाण्यावर होती. चुना मात्र बाबाच्याच हातचा होता, तो कोणी पाहिलाच नाही.

मास्तरांनी एक मोठा खडा फोडून दोन सारखे तुकडे केले. एक तसाच ठेवला, दुसरा कुटला. एकाच माठातलं सारखंच पाणी दोन सारख्या गाडग्यांत ओतलं आणि दोन्ही एकदमच टाकले. भुकटीनं लगेच उकळी काढली, खडा मागून तापला.

"बाकी सारं सारखं ठेवलं, बदललं फक्त एक. भुकटीले चारी बाजूनं पानी भिडते, म्हणून लवकर उकळते. खड्याच्या आत पानी शिरायले वेळ लागते. यात चेटकीण कुठी हाय?"

गर्दी बाबाकडं वळली. तेच दगड, तोच आवेश: "मारा याले!"

"खाली टाका थे!" मास्तर गरजले. "याले पोलिसाकडं न्यायचं." मग त्यांनी बाबाचं मानगूट धरलं. "भागीरथाचंच नाव काऊन घेतलं?"

बाबाचा सारा नूर उतरला होता. "मले का मालूम ही बाई कोन हाय? आल्या दिवशी इचारलं, संशय कोनावर हाय? नाव तर गावानंच सांगतलं."

माना खाली गेल्या. मास्तर लोकांकडं वळले. "हा जाईल, उद्या दुसरा येईल. त्याच्या हातातली वस्तू मागून घ्या, उघडून पाहा, आपल्या हातानं पुन्हा करा. आन् लेकरं कशानं मेले हे शोधायचं असन, तर जे तळ्याचं पानी साऱ्यांनी पाजलं, तिथून सुरू करा. बाईपासून नाई."

भागीरथा गाडग्यापाशीच बसली होती. ती उठली आणि एकेकासमोर जाऊन उभी राहू लागली.

"कोनं सांगतलं माझं नाव? तू? का तू?"

देवाजी पाटलांसमोर ती सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली.