माफीचा सीझन

शिवणकामाची ती टीव्हीवरची स्पर्धा पहिल्या वर्षी अगदी साधी होती. एक मोठा हॉल, ओळीने मांडलेल्या मशिनी, कापडाचे तागे आणि परीक्षकाच्या खुर्चीत मास्तर. ज्याची शिलाई सरळ तो पुढे, ज्याची वाकडी तो घरी. लोकांना तेवढंच आवडलं होतं. पण नव्याचे नऊ दिवस सरले, बघणारे ओसरू लागले, तसा डायरेक्टर दरवर्षी नवी शक्कल काढू लागला. एका सीझनला नवरा-बायकोच्या जोड्या आणल्या आणि जोडीला कात्री एकच दिली. एका सीझनला सगळा संसार बोटीवर हलवला. तिथे निम्मे स्पर्धक सुई सोडून कठडा धरून बसले. एकदा तर डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या.

मास्तर दरवर्षी घरी येऊन सांगायचे, की बस, हे आपलं शेवटचं वर्ष. बायको हो म्हणायची आणि पुढच्या वर्षी गुपचूप त्यांचा कोट इस्त्रीला द्यायची. जन्मभर मान खाली घालून शिवलेल्या माणसाला रस्त्यात लोक थांबवून हात मिळवत होते. ते सुटत नव्हतं.

या वर्षीच्या सीझनची कल्पना अशी, की पूर्वी बाहेर पडलेल्यांना परत बोलवायचं आणि ज्याच्यामुळे ते बाहेर पडले त्याच्यासमोर उभं करायचं. डायरेक्टरने फोनवर सहज सांगितलं, "मास्तर, आपली कोटवालीही येतेय."

कोटवाली त्या डोळ्यांवरच्या पट्टीच्या सीझनमधली. कोट असा शिवायची, की मास्तरांना स्वतःचे तरुणपणीचे हात आठवावेत. त्या दिवशी तिने पट्टी सोडून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डोळे आहेत तर आंधळ्यासारखं कशाला शिवायचं?" समोर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि डायरेक्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मेकअपच्या खोलीत येऊन तो मास्तरांना म्हणाला, की ही आज गेली पाहिजे. पट्टी सोडली म्हणून काढली तर लोक तिच्याच बाजूने बोलतील, तेव्हा शिलाईत काहीतरी शोधा.

शोधण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी कॅमेऱ्यासमोर तिच्या कोटाची कॉलर उलटी केली, बोटाने चाचपली आणि टाका ओढला गेलाय म्हणून सांगितलं. तिने कॉलरकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. आपला टेप गळ्यातून काढून तिने घडी घातली आणि ती गेली. पुढे कळलं, की ज्या मोठ्या दुकानात ती कामाला होती तिथली गिऱ्हाइकं तिच्या हातच्या कॉलरला नाकं मुरडू लागली आणि मालकाने तिला काढलं. बऱ्याच वर्षांनी तिने बाजारामागच्या गल्लीत स्वतःचं छोटं दुकान टाकलं. मास्तरांना हे बायकोनेच सांगितलं होतं. "अहो, जाऊन या एकदा," असंही ती म्हणाली होती. मास्तर एकदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. दुकानात गिऱ्हाईक दिसलं, तेवढं निमित्त परतायला पुरलं.

शूटिंगच्या आधी डायरेक्टर त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसला. या वेळी माफी मागायची, असं त्याने सांगितलं. माझं नाव मात्र मध्ये आणू नका, हेही सांगितलं. मास्तरांना राग यायला हवा होता, पण त्यांना हायसं वाटलं. जे इतकी वर्षं जमलं नाही ते आता आपोआप होणार होतं.

कोटवालीच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. दिवे लागले, मास्तर खुर्चीतून उठले आणि तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "त्या कॉलरमध्ये काही दोष नव्हता. मी खोटं बोललो. मला माफ कर." आवाज खरोखरच कापत होता. त्यातलं अक्षरही शिकवलेलं नव्हतं.

 ती म्हणाली, "मास्तर, माझं दुकान तुमच्या घरापासून चालत येण्यासारखं आहे. माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मला वाटायचं, याल कधीतरी."

तेवढ्यात डायरेक्टरने सगळं थांबवलं. बाईंचा चेहरा कॅमेऱ्यात नीट आला नव्हता. मास्तरांनी तेच पुन्हा म्हणायचं, या वेळी छातीवर हात ठेवून. आणि बाईंनी दुकानाबिकानाचं न काढता माफ केलं म्हणायचं.

मास्तर त्या क्षणी खुर्चीवर कोट टाकून निघून गेले असते, तर सगळं वेगळं झालं असतं. पण माणसं ताटकळत होती, दिवे तापले होते, आणि हो म्हणायची सवय हाडीमासी खिळली होती. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज कापला नाही, म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं, आणि तेव्हा तो मुद्दाम कापरा केला. कोटवाली त्यांच्याकडे तशीच बघत राहिली, जशी त्या कॉलरच्या वेळी बघत होती. मग "केलं माफ" म्हणाली आणि माइक काढून कुणाच्यातरी हातात दिला. निघताना मास्तरांना हळूच म्हणाली, "टीव्हीवर दुकानाचं नाव लोकांना दिसावं म्हणून आले होते. बाकी कशाला नाही."

पुढे महिनाभर ती माफी स्पर्धेची जाहिरात म्हणून टीव्हीवर लागत होती. छातीवर हात ठेवलेली, तिसऱ्या खेपेची. सुरू झाली की बायको आवाज बंद करायची. तेच मास्तरांना जास्त लागायचं. त्यांनी डायरेक्टरला आपण पुढच्या वर्षी नाही म्हणून कळवलं. त्याने फार आग्रह केला नाही.

मग एका दुपारी ते त्या गल्लीत गेले. कोटवाली मशिनवर होती. तिने स्टूल पुढे सरकवलं, बसा म्हणाली. मास्तर बसले, घसा खाकरला.

"नको, मास्तर," ती म्हणाली. "आता ते वाक्य ऐकलं की जाहिरात सुरू झाल्यासारखं वाटतं."

मास्तरांनी मान हलवली. दुसरे शब्द त्यांच्याकडे नव्हते. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई बाही आखूड करायला आत आल्या. त्यांनी दोघांना ओळखलं, खूश झाल्या आणि फोन काढला.

"तुम्ही ते माफीवाले ना? एक फोटो काढू?"

गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं! कोटवाली मशिनवरून उठली, कपड्यावरचे दोरे झटकले आणि मास्तरांच्या शेजारी उभी राहिली. मास्तरही हसले. फोटो झाल्यावर तिने बाईंच्या हाताचं माप घ्यायला घेतलं. मास्तर पायरी उतरून गल्लीला लागले.