तिनं ओठ पाहिले नव्हते

घरात नवी सून आली की कुणाच्या तरी कपाळावर आठी चढतेच. इथे ती सासरेबुवांच्या कपाळावर चढली. जन्मभर मागांच्या खडखडाटात राबून या विणकराचे कान केव्हाच गेले होते. गिरणीत सगळेच एकमेकांचे ओठ वाचत. तीच विद्या आता घरी कामी यायची. त्यांचं जग मोठं शांत होतं. माणसं पाण्याखाली असल्यासारखी संथ हलायची, पडदा आवाज न करता फुगायचा आणि ओठांवर शब्द उमटायचे.

सुनेच्या ओठांवर मात्र काहीच उमटत नसे. ती जन्मांध. टेलिफोनवर काम करायची. तिच्या आवाजावर म्हणे सगळे खूश! सासरेबुवांना दिसायचे ते जेमतेम थरथरणारे ओठ, आणि लगेच हसणारे मुलगा नि बायको. आपल्याशी बोलत नाही, वर आपलीच टर उडवते, असं त्यांनी ठरवून टाकलं. धुसफुसत दिवस काढले आणि एका सकाळी पिशवी भरली.

"मी चाललो लेकीकडे! ओठांतल्या ओठांत पुटपुटणाऱ्यांशी माझं जमायचं नाही."

बायको दारात आडवी उभी राहिली. ओठांवर एकेक शब्द दाखवत म्हणाली, "अहो, तिनं उभ्या जन्मात कुणाचे ओठ पाहिलेत? आपण आईच्या तोंडाकडे बघत बोलायला शिकलो. ती नुसती ऐकून शिकली. तिची जीभ आत सगळं काम करते, आवाज चोख निघतो. ओठ बाहेर दिसावे लागतात, हे तिला कोण सांगणार?"

"म्हणजे ती माझ्याशी बोलत होती?"

"रोज! तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही, असंच वाटलं आम्हाला. रडते पोर."

सासरेबुवांनी पिशवी खाली ठेवली. अरे देवा! बहिरे आपण, आणि घुमी ठरवलं तिला!

आतून ऐकणारी सून पुढे आली. तिने सासूला काहीतरी विचारलं. सासूने तिची बोटं आपल्या ओठांवर ठेवली आणि सावकाश म्हटलं, "जाऊ नका." सुनेचा चेहरा नवल वाटून उजळला. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात ती सासऱ्यांकडे वळली. ओठ अडखळले, मग लहान मुलासारखे पुढे आले.

जाऊ नका.

शब्द स्पष्ट उमटले होते! सासरेबुवांचे डोळे भरून आले.

"नाही जात गं, पोरी," ते म्हणाले. "पण सगळी धडपड तूच कशाला करायची? बस इथे, उजेडात. बोलत राहा. तुझे ओठ वाचायला मी शिकतो."

मंडळी, समोरचा आपल्यासारखा बोलत नाही म्हणजे तो आपल्याशी बोलतच नाही, असं धरून बसू नका. आधी विचारा तरी!