पुसलेल्या सुऱ्याची कैफियत

मी सुरा बोलतोय. बोलायची हौस नाही मला. पण प्रयोगशाळेच्या कपाटातली काचेची भांडी ‘हाच का तो घाणेरडा?’ म्हणून रोज डोकं खातात, तेव्हा ऐका एकदाचं.

लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलं. मासळीच्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने तीस वर्षं माझ्याकडून मुशी कापून घेतल्या. मुशी म्हणजे शार्क. शिकलेल्यांना तेच नाव कळतं.

एके दिवशी त्याची पुतणी प्रयोगशाळेतून नळ्यांचा खोका घेऊन आली. “काका, प्रत्येक मुशीच्या पराचा नखाएवढा तुकडा द्या. आपल्या समुद्रातल्या आणि त्या लांबच्या समुद्रातल्या मुशी एकाच कुळातल्या की वेगळ्या, ते बघायचंय.”

“हजार कोस पोहणाऱ्यांचं कूळ काढणार? आधी आपल्या पणज्याचं नाव सांग!”

“चेष्टा नको. कुळं वेगळी असली तर इथल्या संपल्यावर तिथल्या येऊन जागा भरणार नाहीत. मग इथली मासेमारी आवरावी लागेल.”

त्या दिवसापासून म्हातारा, एकीचं मांस दुसरीच्या तुकड्याला लागू नये म्हणून, दर मुशीनंतर मला स्पिरिटने पुसायचा, ज्योतीवर धरायचा. वर्षभरात एकदाही चुकला नाही. चटके मी खाल्लेत, मला विचारा.

पुतणी मात्र नळ्यांवर शाईने लिहायची. “पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत टाक गं. स्पिरिटने शाई जाते,” म्हातारा म्हणाला.

“काका, तुम्ही दुसरीतून शाळा सोडलीत ना?” ती हसली.

मग सांडलंच स्पिरिट, माझ्यासमोर. वर्षभराच्या खोकाभर नळ्या कोऱ्या झाल्या. तिने अंदाजाने पुन्हा लिहिल्या. म्हाताऱ्याने पाहिलं, ती म्हणाली, “कुणाला सांगू नका हं.”

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी तपासलं तर सगळी सरमिसळ. वर नर लिहिलेलं, आत मादी. तणतणत धक्क्यावर आल्या. “घोळ कुणी घातला?”

पुतणी खोका आवरायला लागली. तिची नोकरी अजून कच्ची होती.

“मी,” म्हातारा म्हणाला. “सुरा पुसायचा राहायचा कधीकधी. तुकडेही इकडचे तिकडे झाले असतील.”

अख्खा धक्का फिदीफिदी हसला. वर्षाचं काम कचऱ्यात गेलं, मुशींची कत्तल तशीच चालू राहिली. बाई मला पुरावा म्हणून पिशवीत घालून नेऊ लागल्या, तेव्हा म्हातारा एवढंच बोलला, “जपून धरा, धार आहे.”

आता पुतणीची नोकरी पक्की झालीय. नव्या पोरांना ती मला दाखवून शिकवते, “अडाण्याच्या हाती काम दिलं की असं होतं.”

माझं सोडा, मी लोखंड, गंजून जाईन. पण धक्का इथून चालत दहा मिनिटांवर आहे आणि म्हातारा अजून तिथेच बसतो. त्याची माफी मागायची आहे ती त्याच्या सख्ख्या पुतणीने.