सीटला डाग लागेल म्हणून

अरे ऐक ना, आत्ता काय झालं माहितीय? थांब, जरा दम खाऊ दे. मी गाडीच्या टपावरचा सायकल-कॅरिअर बोलतोय, आणि या घडीला मी एका गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडलोय. टपावर नाही, आतमध्ये, सीटवर! खाली मऊ गादी, खिडकीतून वारा, शेजारी एका छोट्या मुलीची पाण्याची बाटली. आत्ताच मला विकून टाकलं रे. आणि विकताना त्या घरचे बाबा जे काही बोलले ना, ते ऐकून माझा जबडाच आवळला गेला. पण असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुला वाटेल हा उगाच चिडलाय.

मी म्हणजे काय, तर एक लांब पन्हळ, तिच्यात सायकलची चाकं उभी राहतात. चाकं बांधायला दोन पट्टे. आणि मधून वर येणारा एक दांडा, त्याच्या टोकाला जबडा. जबडा सायकलची मधली नळी पकडतो, की किल्ली फिरवायची, संपलं. कारखान्यात एक बाई होत्या, मला धरून गदागदा हलवायच्या, दात-ओठ खाऊन ओढायच्या. शेवटी घाम पुसत म्हणाल्या, "हा काय सोडत नाय बाबा." झालं! मला काय वाटलं असेल सांगू? कुणाला आवाज चांगला मिळतो, कुणाला रूप मिळतं. मला पकड मिळाली होती.

तिथून मी थेट गाड्यांच्या शोरूममध्ये, भिंतीवर. काय मजा असते रे तिथं! पुरुष मंडळी आली की पहिलं बोनेट उघडायला लावतात आणि आत असं बघतात, जसं काही सगळं कळतंय. मग उगाच टायरला एक लाथ. बायका डिकी उघडून मनातल्या मनात सामान भरतात. पोरं सगळी बटणं दाबतात. आणि प्रत्येक घरासोबत एक जण असा येतो, ज्याला गाडी घ्यायची नसते, पण मत सगळ्यात मोठं त्याचंच असतं.

तर एक दिवस एक घर आलं. बाबा, आई, मोठे काका, आणि मागून एक उंच मुलगी, चक्क सायकल ढकलत! निळी सायकल, चकाचक पुसलेली. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. पाय एका जागी ठरतच नव्हते तिचे. ती शर्यतीत सायकल चालवायची. लांबच्या शर्यतींना बसच्या सामानाच्या कप्प्यात सायकल कोंबून न्यावी लागायची, आणि मागच्याच खेपेला तिचा गिअर वाकला होता. म्हणून गाडी. बाबा दारातूनच सांगत होते, "आमच्या पोरीच्या सायकलसाठी घेतोय बरं का! तिची सायकल आधी, आम्ही नंतर."

मी भिंतीवर ताठ झालो. म्हटलं, वा, काय बाप आहे!

दोन गाड्यांवर गाडं अडलं होतं. एक लांबट, बुटकी, ऐसपैस डिकीची. दुसरी उंच, छाती काढून उभी. भिंगरीनं लांबट गाडीच्या मागच्या सीटा पाडल्या, सायकलचं पुढचं चाक काढलं आणि सायकल आत सरकवली. अशी बसली म्हणून सांगू, जणू मोजमाप देऊन शिवून घेतली होती गाडी!

"बसली की!" आई म्हणाली. "झालं तर मग. अजून काय हवंय आपल्याला?"

पण सायकल बाहेर काढताना साखळी सीटला घासली. बोटभर काळी रेघ उठली. बाबांचा चेहरा असा पडला, की जणू ती रेघ सीटवर नाही, त्यांच्या गालावर उठली असावी.

"पुसलं की जातं हो बाबा," भिंगरी घाईघाईनं स्वतःच्या बाहीनं पुसायला लागली. आणि जातही होती ती रेघ. मी पाहिलंय.

"अरे, गाडी घेतोयस की टेम्पो?" मोठे काका. "आणि ही बुटकी? सिग्नलला उभा राहिलास तर शेजारची रिक्षा वरून बघेल तुझ्याकडे."

"दादा म्हणतोय त्यात पॉइंट आहे," बाबा म्हणाले. नजर कधीचीच उंच गाडीवर. खरं सांगू? ती तर त्यांना आत पाऊल टाकतानाच आवडली होती. सायकल म्हणजे नुसतं निमित्त.

"त्या गाडीत सायकल बसणार कुठं, तुमच्या डोक्यावर?" आईनं विचारलं.

विकणाऱ्या पोरानं बोट केलं, थेट माझ्याकडे. "मॅडम, वरती कॅरिअर लावायचा! गाडी उलटली तरी हा सायकल सोडणार नाही."

आईनं एकच विचारलं, "आपल्या पार्किंगच्या दारात तो आडवा बार आहे. उंच गाडी जाईल का खालून?"

"मोजलंय मी," बाबा म्हणाले. "हातभर जागा उरते वर."

गाडीची उंची मोजली होती. फक्त गाडीची. टपावर सायकल उभी असताना किती होते, हे कुणी मोजलं नाही. मी तिथंच टांगलेला होतो आणि मलाही सुचलं नाही, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर बाबांनी सीटांवरचं प्लास्टिक काढूच दिलं नाही. बसलं की चर्रचर्र आवाज. आत खायचं नाही, बूट झटकून चढायचं. बाबांनीही हौसेनं एक सायकल घेतली होती, तिच्यावर टॉवेल वाळायचे. पण भिंगरी आणि मी? आमची जोडी जमली यार! बाबांनी गाडी पार्किंगबाहेर रस्त्यावर काढली की ती सायकल चढवायची, पट्टे ओढायची, किल्ली फिरवायची आणि माझ्या दांड्यावर थाप मारायची. "धर हं घट्ट, दोस्ता." मग मी वाऱ्यात, खड्ड्यात, वळणावर, कसाही, धरून. एकदाही हललो नाही.

मग तो दिवस आला. संघाची निवड होती, दुसऱ्या गावात, सकाळी. वयाच्या अटीत बसायचं भिंगरीचं हे शेवटचं वर्ष. या खेपेला नाही झालं की दार बंद. वाटभर ती सीटवर चुळबुळत होती.  मी वरून ऐकत होतो, नुसतं प्लास्टिक चर्रचर्र वाजत होतं.

मैदान आलं. बाहेर मोकळी जागा होती, झाडं होती, लोकांनी गाड्या लावल्या होत्या.

"बाबा, इथंच थांबवा. मी सायकल काढते, मग तुम्ही लावा गाडी कुठं ती."

"एक मिनिट गं. झाडावर पक्षी बघ किती आहेत. नवीन रंग आहे."

"अहो, तिला उतरू द्या ना आधी," आई म्हणाली.

"आता तो समोर बंदिस्त पार्किंगचा बोर्ड दिसतोय ना, तिथं सावलीत लावतो. काय लांब आहे का? पोचलोच."

दुकानांची इमारत होती, तिच्या पोटात उतार, आणि उताराच्या तोंडाशी लोखंडी बार. मला दिसत होता रे! सगळ्यात आधी मलाच दिसत होता, मी वर होतो ना! वॉचमन शिट्टी फुंकत दोन्ही हात हलवत धावत आला. बाबांना वाटलं, या या म्हणतोय. त्यांनी त्याला मान डोलावून थँक्यूसुद्धा केलं.

आणि धडाड!

बार सायकलच्या हँडलला लागला. गाडी पुढं जातेय, बार मागं रेटतोय, आणि मधे मी. त्या क्षणी मला दोनच गोष्टी करता येत होत्या. सोडायचं, म्हणजे सायकल मागं घसरून पडली असती. खरचटली असती, चाक वाकलं असतं, बदललंही असतं. किंवा धरायचं. मी धरलं. जन्मभर तेच शिकवलं होतं मला. कानात तेच होतं, धर हं घट्ट. मी असं धरलं, की पट्टा तुटला नाही, दांडा वाकला नाही, जबडा उघडला नाही. मोडली ती सायकलची मधली नळी. माझ्या तोंडात. कट्ट असा आवाज झाला, आणि तो अजून ऐकू येतो मला.

गाडी थांबली. बाबा उतरले, आणि पहिला हात कुठं गेला माहितीय? टपावर. "अरे देवा, पोचा आला! केवढा पोचा आलाय बघा!" टप कुरवाळत होते अक्षरशः. भिंगरी दाराच्या पायरीवर चढून किल्ली फिरवत होती. पण मोडलेली नळी जबड्यात अडकून बसली होती, उघडेच ना. "सोड ना," ती मला म्हणत होती. "सोड ना रे, प्लीज." मैदानावरच्या भोंग्यावर नावं पुकारत होते. तिचंही पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. मग पुढचं नाव.

तिच्या उंचीची सायकल ऐन वेळी देणार कोण? सगळ्याजणी आपापली घेऊन रेषेवर उभ्या होत्या.

"नवीन घेऊ बेटा, हिच्यापेक्षा भारी," बाबा परतताना म्हणाले.  मग काय झालं, ऐक. टपाचा पोचा आठवड्याच्या आत निघाला, रंगसुद्धा तंतोतंत जुळवून आणला. निळी सायकल गॅलरीत, आणि नवीन सायकलचं उत्तर 'बघू'. हळूहळू भिंगरीनं विचारणंच बंद केलं. आणि घरात मोठे काका येऊन निकाल देऊन गेले, "तो कॅरिअरच भिकार होता." मी! भिकार मी!

आता आजचं. मला घ्यायला एक गृहस्थ आले, सोबत त्यांची छोटी मुलगी. ते म्हणाले, "चांगला दिसतोय की. का काढताय?"

आणि बाबा हसत हसत म्हणाले, "अहो, आमच्या मुलीसाठी घेतला होता. पण तिनं सायकलच सोडली. या मुलांचं असंच असतं, चार दिवसांची हौस."

भिंगरी शेजारीच उभी होती. माझी किल्ली हातात घेऊन.

मला वाटलं, आता बोलेल. आता फुटेल. पण नाही. तिनं माझा जबडा उघडून दाखवला. आत अजून तिच्या सायकलचा निळा रंग चिकटलाय, तो तिनं अंगठ्यानं हळूच चोळला. गेला नाही.

"धरतो का नीट?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"हो काका. फार घट्ट धरतो. सोडतच नाही."

तेवढ्यात ती छोटी म्हणाली, "ताई, तू का सोडलीस सायकल?"

बाबा खाकरले. भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं, अगदी शांतपणे, आणि म्हणाली, "आमच्या गाडीच्या सीटला डाग लागतो ना, म्हणून."

 आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. बाबा म्हणाले, "चहा घेणार ना?" आवाज कसला बारीक झाला होता. भिंगरी छोटीपुढं खाली बसली आणि तिच्या कानाशी म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "बसत असेल ना, तर सायकल आतच ठेवायची. आणि हा वर लावला, तर आत कुठंही शिरायच्या आधी बाबांना ओरडून सांगायचं, वर सायकल आहे. सीट पुसता येते."

मग तिनं किल्ली छोटीच्या हातात दिली आणि घरात गेली. माझ्या दांड्यावर थाप नाही, काही नाही. मागं वळूनही बघितलं नाही.

आणि या गृहस्थांनी मला उचललं, तेलकट, धुळीनं भरलेला मी, आणि सरळ मागच्या सीटवर टाकलं. छोटी म्हणाली, "बाबा, सीट!" तर म्हणाले, "असू दे गं, घरी गेल्यावर पुसू." एवढं सोपं होतं रे. एवढंच होतं.

निळा रंग अजून जबड्यातच आहे माझ्या. भिंगरी माझ्यावर रागावली असेल, तर तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. गाडी मी निवडली नव्हती, बारखाली मी घातली नव्हती, पण नळी माझ्याच तोंडात मोडली. जी एक गोष्ट मला जन्मभर चांगली जमली, तीच मी त्या क्षणी केली. तू सांग ना यार, खरं खरं सांग. ती थाप मारून 'धर हं घट्ट' म्हणाली होती, आणि समोरून बार येत होता. माझ्या जागी तू असतास, तर सोडलं असतंस?