साहेबांची खरी सही

साहेबांना लिहिता येत असावं, असा सेक्रेटरीबाईंचा अंदाज होता. खात्री नव्हती. पडद्यावर त्यांनी न्यायाधीश केले, कवी केले, एकदा तर शिक्षणमंत्री केला. पण संवाद मात्र ते ऐकूनच पाठ करत. पैशाचा व्यवहार थोरले बंधू बघत, त्यामुळे चेकवरही साहेबांची सही नसे. आणि चाहत्यांच्या सह्यांचं म्हणाल, तर बाई नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात साहेबांनी पत्रांच्या पोत्याकडे बघून हात झटकले होते. "बाई, तुमचं अक्षर वळणदार आहे. तुम्हीच मारा ना."

बाईंनी मारल्या. नुसत्या मारल्या नाहीत, आधी सही बसवली. पहिलं अक्षर घोड्यावर मांड ठोकल्यासारखं, शेवटच्याला लांबलचक शेपूट आणि शेपटीखाली एक टिंब. साहेबांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "अरे वा! मी असा आहे होय!"

मग बाईंची सगळी उमेद साहेब होण्यात गेली. लग्नाचं राहून गेलं. स्थळं येत, पण फोटोंचे गठ्ठे त्याहून जास्त येत.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी साहेब चित्रीकरणाला परगावी होते. संध्याकाळी ड्रायव्हरने एक पाकीट आणून दिलं. "साहेबांनी दिलंय. स्वतः केलीय म्हणाले." आत साहेबांचा फोटो. त्यावर लिहिलं होतं, 'सेक्रेटरीबाईंना, सप्रेम', आणि खाली सही. घोडा अडखळलेला, शेपूट आखूड, टिंबाचा पत्ता नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी बसून स्वतःचीच सही शिकला!

तो फोटो बाईंच्या उशाशी उभा राहिला. पुढे साहेब गेले, फोटो तसाच राहिला. एका खोलीच्या घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे बाई फोटोशी बोलत. साहेब हयातीत ऐकत नसत तितकं फोटोत ऐकत.

धाकट्या बहिणीला ते बघवत नसे. परवा फोनवर तिने फटकारलंच.

"ताई, त्यानेच केलीय कशावरून?"

"म्हणजे काय? त्यांच्या घरून आली."

"त्यांच्या घरून तर आयुष्यभर तुझ्याच सह्या जायच्या!"

बाईंनी फोन ठेवला; पण शंकेचं काय, ती एकदा घरात शिरली की पाहुण्यासारखी पाय पसरते. त्यात पेपरात जाहिरात आली. साहेबांच्या वस्तूंचा लिलाव होता आणि आधी चार दिवस कोणीही आपल्याकडची सही फुकट तपासून घ्यावी, असं लिहिलं होतं. लिलावघराचा तपासनीस म्हणे खोट्या सह्या करणाऱ्यांचे हात चेहऱ्यासारखे ओळखतो. बाईंनी हिशेब मांडला. त्याने हा हात ओळखला नाही, तर तो साहेबांचा. ओळखला, तर संपलं.

लिलावघरात काचेच्या कपाटात साहेबांची टोपी, चष्मा, छत्री मांडली होती. मधोमध एक सहीवाला फोटो, खाली चिठ्ठी: 'अस्सल'. टिंब जरा मोठं पडलं होतं. त्या दिवशी आपल्याला सर्दी होती आणि नेमकी शिंक आली, हे बाईंना आठवलं.

तपासनीस पोरसवदा होता, गळ्यात भिंग अडकवलेला. "या आजी, बसा."

"आजी म्हणू नका. अजून कोणाची झाले नाही."

"बरं, बाई. दाखवा." त्याने फोटो दिव्याखाली सरकवला, भिंग लावलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला. "वाईट वाटून घेऊ नका. ही खोटी आहे."

बाई हसल्या. लोक इथे रडतात, हे माहीत असल्याने तपासनिसाने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पण कोणाची ते नाही ना सांगता येणार?" बाईंनी विचारलं.

"येईल की. ड्रायव्हरची आहे."

बाईंनी ग्लास उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

"अशा ढिगाने आल्यात आमच्याकडे," तपासनीस उत्साहात आला. "म्हातारा मागच्या वर्षी स्वतःहून आला होता. म्हणाला, लोक उन्हात फाटकाशी उभे असायचे, पोरं रडायची, आतून सही यायला वेळ लागायचा. म्हणून मीच करून द्यायचो, माफ करा."

"आतून यायच्या त्या?"

"त्या साहेबांच्याच. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणाला, शपथ घ्यायला तयार. त्याच्या साक्षीवरच तर आम्ही नमुने पक्के केले." त्याने कपाटाकडे बोट केलं. "ती बघा. शंभर टक्के खरी."

बाईंनी बघितली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण म्हाताऱ्याची शपथ कशाला मोडा?

"कुठे असतो आता तो?"

"गेला हो. इथे येऊन गेला आणि थोड्याच दिवसांत." त्याने पुन्हा भिंग लावलं. "एक आहे. बाकी सगळ्या नुसत्या सह्या. नाव घालून लिहिलेलं हे पहिलंच पाहतोय. कोण या सेक्रेटरीबाई?"

"होती एक," बाई म्हणाल्या.

फोटो परत मिळाल्याची सही हवी होती. बाईंनी पेन हातात घेतलं. स्वतःच्या नावाने सही करायची सवय कधीच मोडली होती. पहिलं अक्षर कागदावर उतरेना. तपासनीस कनवाळू होता. म्हणाला, "राहू द्या. अंगठा दिलात तरी चालेल."

बाईंनी अंगठा दिला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बहिणीचा फोन आला.

"काय म्हणाला गं?"

"ओळखीचा हात निघाला."

"म्हणजे साहेबांचाच? बाई बाई, चुकलं माझं!"

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. मांडीवरचं पाकीट धरून त्या ड्रायव्हरचा चेहरा आठवू लागल्या. साहेबांच्या मिशीचा केस न् केस त्यांना पाठ होता. ड्रायव्हर म्हटलं की फक्त मान दिसे. मागच्या सीटवरून माणसाची मानच दिसते. इस्त्रीची कॉलर, तिच्यावर रफू. पुढे चेहरा असणार, त्यावर काहीतरी भावही असणार. पण बाई कधी गाडीतल्या आरशात बघत नसत. त्यांच्या मांडीवर फोटोंचा गठ्ठा असे, जाता-येता त्या सह्या करत.

बस खड्ड्यात आदळली. पाकीट उडालं, बाईंनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

साहेबांच्या गाडीत कधी असा दणका बसला नाही. इतकी वर्षं, असल्याच रस्त्यांनी. पण बाईंचं पेन कधी उडालं नाही, शेपूट कधी वाकडं गेलं नाही. खड्डा आला की गाडी आपोआप हळू व्हायची.

गाडी फार चांगली आहे, असं तेव्हा बाईंना वाटे.