वीणा कुणाच्या गळ्यात

या बाबांनो, अलीकडे सरका. भिंतीवरल्या दोन माणसांची गोष्ट सांगायचीय.

कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत देऊळ नव्यानं रंगवलं, तेव्हा कीर्तनकार उमाजीबुवांचं चित्र काढायचं काम त्यांच्या लेकीकडे, सुमंगलाकडे आलं. बुवांना जाऊन वर्ष होत आलेलं. रंग तीनच: तांबडी काव, चुना, कोळसा. एवढ्यात नाक-डोळे काढायला गेलं की माणसाचं बुजगावणं व्हायचं. म्हणून तिनं तोंडं कोरीच ठेवली. पुढं वीणा घेतलेले बुवा, मागं त्यांचा टाळकरी लखू. दोघांचे फेटे कावेचे.

लखूकाका अजून धडधाकट. येऊन म्हणाला, "ह्यातला ढेरीवाला मी व्हय गं?"

"ढेरी न्हाई काका, कोळसा पसरला."

"मग पुसू नको. चित्रात तरी पोट भरलेलं दिसू दे!"

सुमंगला हसली, पण जीव सगळा दाराकडं. आईच्या, पार्वतीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला नुसते आकार दिसत. तिनं बाबांना ओळखलं तर चित्र जमलं. नाहीतर वरून चुना फिरवायचा, हे सुमंगलानं ठरवूनच टाकलेलं.

आई आली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. अबोलीची फुलं घेऊन ती भिंत चाचपत गेली आणि ठेवली कुठं, तर टाळकऱ्याच्या पायाशी!

"आई, तो लखूकाका! बाबा इकडं, वीणेवाले."

"खुळी का काय तू? हे हितं हाईत."

"वैनी, मी जित्ता हाय अजून!" लखू ओरडला.

"तुमास्नी कोण इचारतंय?" आई म्हणाली. "अभंगाचा चरण सांगून झाला, की लोक मागनं म्हणायचे. तवा ह्यांची मान अशीच वाकायची. ऐकत ऱ्हायचे."

सुमंगला चक्रावली. लखूकाका तर टाळ वाजवताना खांबासारखा ताठ. मग आपला हात काढत होता कुणाला? तिनं चुन्याचा कुंचला उचलला. पण पुसायचं काय? पुढल्याची वीणा, की मागल्याची मान?

"वीणा ऱ्हाऊ दे माझ्याकडं," लखू हळूच म्हणाला. "गाता येत न्हाई, पर भिंतीवर कोण ऐकतंय?"

तिनं कुंचला धुऊन ठेवला. यातले बुवा कुठले, असं अजून कुणी विचारलं की सांगताना ती घोटाळतेच.

त्या देवळात गेलात तर वीणेवाल्याला खुशाल हात जोडा. पण तेवढी आठवण ठेवा, मागं मान वाकवून उभ्या असलेल्या उमाजीबुवांची.